बुटके म्हणून आणलेले समुद्रघोडे

डॉक्टरांनी मला पत्रे लिहिणे बंद करण्याचा सल्ला दिला, तेव्हा तो सल्ला लेखी द्यावा अशी विनंती मी त्यांना केली. त्यांनी ती हसण्यावारी नेली. माझा रक्तदाब मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तालुका न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून पाथरीत असा एकही विजेचा खांब, नाली किंवा बसथांबा उरला नव्हता, ज्याच्याविषयी मी कोणत्या ना कोणत्या कार्यालयाला कलमांसह लिहिले नव्हते. आणि प्रत्येक न आलेल्या उत्तरासरशी माझ्या कानशिलातली शीर ताठ होत असे.

"त्यापेक्षा मासे पाळा, काका," डॉक्टर म्हणाले. "काचेसमोर अर्धा तास शांत बसा. मासा उत्तर देत नाही याचा कुणाला राग येत नाही."

शेजारच्या खुर्चीवर बसलेली माझी पत्नी पदराआड हसली. "माशाला तेवढं पत्र लिहू नका म्हंजे झालं."

कोणतीही गोष्ट अर्धवट करणे माझ्या स्वभावात नाही. मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता बुटक्या समुद्रघोड्यापाशी येऊन थांबलो. हा जीव सातासमुद्रापलीकडचा. पूर्ण वाढला तरी अंगठ्याच्या पेराहून मोठा होत नाही आणि म्हणून लहानशा टाकीतही सुखाने राहतो. तोंड घोड्याचे, शेपटी माकडाची, अंगावर चिलखत. पिल्ले पोटाच्या पिशवीत वाढवतो तो नर. हे मी पत्नीला वाचून दाखवले, तेव्हा तिने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली.

"बाप्या बाळंत होतो?"

"असे दिसते."

"असला शहाणा नवरा समुद्रातच घावायचा," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. पण त्या क्षणापासून तिला समुद्रघोडे पाहिजे होते, हे मी तिच्यासोबत काढलेल्या वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो.

पैसे देण्याआधी मी कायदा वाचला. आपल्या किनाऱ्यावरचा समुद्रघोडा वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसवलेला आहे. तो पकडणे, विकणे आणि बाळगणे, सगळेच गुन्हा. परदेशी जातीचा असेल तर बाळगता येतो, पण त्याची रीतसर नोंद करावी लागते. हे सगळे मी परभणीच्या एका मासेविक्रेत्यासमोर उभे राहून, त्याच्या कानाला लागलेला फोन खाली येण्याची वाट पाहून, शब्दशः सांगितले.

"काका, हा माल परदेशी. फार्मवर जन्मलेला," तो म्हणाला. "याचा आणि आपल्या समुद्राचा संबंधच नाही."

"त्याचे प्रमाणपत्र?"

"कागद मागून येतात. आधी जीव येतो."

मी पावतीवर 'बुटका समुद्रघोडा, परदेशी, नग दोन' असे लिहून घेतले, शिक्का मारून घेतला, आणि नोंदणीचे कागद लवकर न आल्यास होणाऱ्या परिणामांची तोंडी कल्पना दिली. माझ्या मते मी माझ्या बाजूने काहीही बाकी ठेवले नव्हते.

त्यानंतर टाकी आली. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यामुळे ते पाणी समुद्राला देणे शक्यच नव्हते. शुद्ध पाण्याचे जार मागवले आणि त्यात मुंबईहून आणलेले खास समुद्री मीठ, क्षारता मोजायच्या यंत्राच्या साक्षीने विरघळवले. आमच्या गल्लीला हा प्रकार मुळीच पटला नाही. लोक खारट पाणी गोड करण्यासाठी यंत्रे बसवतात आणि आम्ही गोड पाणी विकत आणून खारट करत होतो. त्यावर कळस असा, की टाकी भरून, हवेचे बुडबुडे सुरू करून, आत एकही जीव न सोडता आम्ही ती कित्येक आठवडे तशीच ठेवली. विष्ठेचे विष पचवणारे सूक्ष्म जंतू पाण्यात आपोआप तयार व्हावे लागतात, त्याला तेवढा वेळ लागतो. शेजारणी येत, रिकाम्या काचेत वाकून पाहत आणि विचारत, "मासे कुठायत?"

"पाणी पिकायलंय अजून," माझी पत्नी सांगे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बायकांना ते लगेच कळे. मी केलेले शास्त्रीय विवेचन कुणालाही कळले नव्हते.

आत ठेवलेल्या दगडांबरोबर केसासारख्या बारीक, डंख मारणाऱ्या जिवांची एक वसाहत टाकीत शिरली. समुद्रघोडे येण्याआधी ती नष्ट करणे आवश्यक होते, आणि तिच्यावर चालणारे औषध म्हणजे शेळ्यामेंढ्यांना पाजतात ते जंताचे औषध. मी जनावरांच्या औषधाच्या दुकानात गेलो.

"किती जनावरं हायेत?" दुकानदाराने विचारले.

"दोन."

"शेळ्या का मेंढ्या?"

"घोडे."

"वजन काय असंल?"

"अर्धा ग्रॅम, फार तर."

त्याने हातातली बाटली परत फळीवर ठेवली. "कुठायत घोडे?"

"अजून आलेले नाहीत."

"काका," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "घरून कुणी सोबत आलंय का?"

शेवटी औषध मिळाले. मात्रा मी टाचणीच्या टोकावर मोजली. वसाहत संपली, पाणी पिकले आणि एका सकाळी परभणीहून बसने, मांडीवर पिशवी धरून, मी ते दोघे घरी आणले. नवे पाणी त्यांच्या पिशवीत थेंबाथेंबाने सोडत आम्ही दोघे जमिनीवर बसलो होतो. नखाएवढे ते जीव एकमेकांच्या शेपटीत शेपटी अडकवून तरंगत होते. मग त्यांनी शेपट्या सोडल्या, टाकीतल्या प्लॅस्टिकच्या गवताची एक एक काडी धरली, आणि डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून आमची पाहणी सुरू केली. एक किंचित मोठा होता. तो पत्नीने लगेच 'थोरला' ठरवला आणि दुसरा 'बारका'.

समुद्रघोड्याला अन्न साठवणारे पोट नसते. खाल्लेले त्याच्या अंगातून सरळ पुढे जाते, म्हणून त्याला दिवसभर आणि तेही जिवंत अन्न लागते. हे ऐकून माझ्या पत्नीला धक्का बसला.

"पोटच न्हाई? मग बिचाऱ्यांचं भरायचं कुठं?"

भरण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या किड्याची अंडी तपकिरी पुडीसारखी मिळतात. उलट्या टांगलेल्या बाटलीत मीठपाणी, हवा आणि उजेड दिला की एका दिवसात त्यातून ठिपक्याएवढे जीव पोहू लागतात. ते गाळून, ड्रॉपरने, थोरल्याला उजवीकडून आणि बारक्याला समोरून द्यायचे. बारका समोरून दिले तरच घेतो, हा तिचा शोध होता. उन्हाळ्यात पाणी तापू लागले तेव्हा तिने फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या काचेला टेकवून ठेवल्या आणि दुपारी वीज गेली की स्वतः उकाड्यात बसून हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालू ठेवला. इन्व्हर्टर पंपाला पुरावा म्हणून पंख्याची तार तिने काढली होती. मी आक्षेप घेतला. तिने ऐकले नाही.

आणि माझा रक्तदाब खरोखर उतरला. डॉक्टरांनी ते यंत्रावर पाहिले आणि दोनदा पाहिले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतले, तिथे येतो. समुद्रघोडे वाढू लागले.

सुरुवातीला आम्ही दोघेही खूश होतो. आमच्याकडे पाहुणा घरी आला आणि अंगाने भरला नाही, तर ती घरच्या बाईची नाचक्की समजतात. माहेरी आलेली लेक, आजारातून उठलेला दीर, आश्रयाला आलेले भाचरू, सगळ्यांना माझ्या पत्नीने असेच अंगावर आणले होते. त्यामुळे थोरल्याची मान जाड झाली, बारक्याच्या पाठीवरचे काटे उठून दिसू लागले, ठिपक्यांऐवजी मोठे आर्टेमिया लागू लागले, याचे श्रेय निर्विवादपणे तिच्याकडे गेले. शेजारणी येऊन म्हणत, "मावशी, तुमच्या हाताला लय गुण हाय. घोडं कसं टरारलंय बघा." अमावस्येला तिने टाकीवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली. ते साधे मीठ पाण्यात पडू नये म्हणून मी दोन्ही हातांचे झाकण धरून उभा होतो. वाढ होऊ नये असे पुस्तकात स्पष्ट लिहिलेल्या प्राण्याची आम्ही दोघांनी मिळून दृष्ट काढली!

एके दिवशी मी काचेला बाहेरून मोजपट्टी लावली. थोरला माझ्या तर्जनीएवढा झाला होता.

मी प्रथम काच वस्तू मोठी दाखवते, असे समजलो. मग पाण्यात हात घालून त्याच्या शेजारी माझे बोट धरून पाहिले. काच माझ्याही बोटाला तेवढेच मोठे दाखवत होती. मी खुर्चीत बसलो आणि विक्रेत्याला फोन लावला.

"तू बुटका म्हणून दिलेला प्राणी वाढतो आहे."

"मग चांगलंच की, काका."

"बुटका वाढत नाही. म्हणूनच त्याला बुटका म्हणतात."

"घरचं खाणं मानवलं असंल. लोक मासा मेला म्हणून फोन करतात, तुम्ही पहिलेच, वाढला म्हणून करताय."

मी त्याच दुपारी ग्राहक आयोगात जाण्याच्या इशाऱ्याची नोटीस लिहायला घेतली. वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूची विक्री, हे प्रकरण मला अत्यंत सोपे वाटत होते. पण वस्तू काय आहे हे मला शास्त्रीय भाषेत लिहायचे होते, म्हणून मी शेवटच्या गल्लीत राहणाऱ्या प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना चहाला बोलावले. ते वाकले, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा वाकले. मग हातातली कपबशी त्यांनी स्टुलावर ठेवली.

"हे बुटके नाहीत," ते म्हणाले. "ही पिल्लं आहेत."

"कोणाची पिल्ले?"

"आपल्याच समुद्रातल्या मोठ्या जातीची. तुम्हाला विकली तेव्हा नुकती जन्मलेली असणार. अजून दुप्पट वाढतील."

आतल्या दारातून पत्नीचा आवाज आला, "पिल्लं? म्हंजे तान्ही आणलीत तोडून?"

मी नोटिशीच्या मसुद्याकडे पाहत होतो. प्राध्यापकांनीही तो वाचला आणि सावकाश म्हणाले, "पाठवा की. फक्त वर पत्ता तुमचा आहे. गुन्ह्याचं ठिकाण म्हणूनही तोच लिहितील."

तेवीस गावांच्या फिर्यादी ज्याने आयुष्यभर नजरेखालून घातल्या, त्या माणसाला आपल्या बैठकीत वाघाच्या पंक्तीतला प्राणी गवताची काडी धरून बसला आहे हे समजायला एक चहा लागला! त्या रात्री मला झोप लागली नाही. राग विक्रेत्याचा होताच. आपल्या किनाऱ्यावरून तान्ही पिल्ले उचलायची, त्यांना परदेशी बुटक्याचे नाव लावायचे आणि शिक्का मारून विकायची, ही फसवणूक इतकी निर्लज्ज होती, की ती डोळ्यांसमोर वाढत असतानाही आम्ही तिची दृष्ट काढली. पण कायदा विक्रेत्यापाशी थांबत नव्हता. ताबा माझ्याकडे होता, आणि या कायद्यात ताबा सिद्ध झाला की तो गैर नाही हे दाखवण्याचा भार ताबेदारावर असतो.

मी वन विभागाला स्वतःहून कळवणार, असे सकाळी पत्नीला सांगितले. ती ड्रॉपर हातात धरून उभी राहिली.

"आन् ते येऊन काय करतील?"

"ताब्यात घेतील."

"कशात घालून?"

मी पत्रासाठी कागद शोधू लागलो.

"बादली आणतील," ती म्हणाली. "तुमी कागद सरळ करायच्या नादात ह्या दोघांला मारायला निघालाव. आजवर कुणाला कळलंय का? घरात कळायला चार महिने लागले. सरकारला कधी कळणार हाय?"

"कळण्याचा प्रश्न नाही."

"मग जगण्याचा तरी हाय का न्हाई?"

ती बरोबर बोलत होती आणि तरीही मला गप्प बसणे शक्य नव्हते. तो विक्रेता दुसऱ्या कुणाला तरी आजही तान्ही पिल्ले विकत होता. मी कळवले नसते, तर त्याच्या नावाने एक अक्षर लिहिण्याचा मला अधिकार उरला नसता. मी पत्र लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्रात आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, असे दोघेही मीच होतो. पत्नी माझ्याशी बोलायची थांबली. जेवण वेळेवर वाढत होती, एवढेच.

आणि पहिल्यांदाच माझ्या पत्राला तत्काळ उत्तर आले. वनपरिक्षेत्र अधिकारी स्वतः आले, सोबत एक वनरक्षक. वनरक्षकाच्या हातात बादली होती. नळाच्या पाण्याने अर्धी भरलेली.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

"काका, गुन्हा आपणहून कळवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," अधिकारी म्हणाले. तरुण होते, सभ्य होते आणि पार गोंधळलेले होते. "आमच्याकडे नीलगाय, काळवीट, रानडुक्कर. समुद्राचं प्रकरण परभणी जिल्ह्यात येईल असं वाटलं नव्हतं. घोडे कुठायत?"

"तुमच्या समोर."

ते वाकले. "हे? एवढेच?"

"पाणी खारं लागतं त्यास्नी," पत्नी म्हणाली.

"टाकू की थोडं मीठ," वनरक्षक म्हणाला. "आहे का घरात?"

पत्नी आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावली. मीठ आत होते.

प्राध्यापक आणि समोरचा किराणा दुकानदार पंच म्हणून बसले. पंचनामा मी शेकडो वेळा वाचला आहे. मुद्देमालाचे वर्णन, नग, लांबी आणि वजन. वजनासाठी वनरक्षकाने सराफाकडून सोन्याचा काटा मागून आणला होता. त्याने काटा टाकीच्या बाजूला मांडला, बाही वर सारली आणि पाण्यात हात घातला. थोरला काडीला घट्ट धरून होता. वनरक्षक त्याला काडीवरून सोडवू लागला.

समुद्रघोडा पाण्याबाहेर काढला की हवा गिळतो. ती हवा आत अडकते आणि तो खाली जाऊ शकत नाही. पृष्ठभागावर आडवा तरंगत मरतो. हे मी वाचलेले होते. त्या क्षणी वाचलेले काहीही आठवल्याचे मला स्मरत नाही. मी वनरक्षकाचे मनगट धरले होते.

सरकारी कामात अडथळा आणण्याचे कलम त्या खोलीत सर्वांत चांगले मला पाठ होते, आणि माझा हात सुटत नव्हता.

"काका, हात सोडा," अधिकारी म्हणाले.

"आधी त्याने घोडा सोडावा."

"वजन लिहावं लागतं."

"अंदाजे लिहा."

हे मी बोललो! मी, ज्याने पस्तीस-एक वर्षे प्रत्येक पंचनाम्यातल्या 'अंदाजे' या शब्दाखाली लाल रेघ ओढली, कनिष्ठांना उभे करून त्यावरून झापले, आणि एकदा तर त्या एका शब्दासाठी कागद पुन्हा करवून आणला. किराणा दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. प्राध्यापक हळूच म्हणाले, "साहेब, लांबी काचेतून मोजता येते. मी पंच म्हणून सही करतो. वजन अंदाजे."

वनरक्षकाचा हात वर आला. रिकामा. थोरल्याने काडी पुन्हा धरली. पंचनाम्यात 'अंदाजे' लिहिले गेले, आणि मी त्या शब्दाकडे पाहू शकलो नाही.

पण बादली अजून दारातच होती.

"साहेब," मी म्हणालो, "जप्त केलेली गाय तुम्ही कुठे ठेवता?"

"कोंडवाड्यात."

"समुद्राचा कोंडवाडा जिल्ह्यात आहे?"

"काका, चेष्टा करू नका."

"करत नाही. जप्त केलेला जिवंत प्राणी बंधपत्र घेऊन सांभाळायला देता येतो, दंडाधिकाऱ्यांसमोर मागतील तेव्हा हजर करण्याच्या अटीवर. याच कायद्यात आहे. वरिष्ठांना विचारा. बादलीत तो उद्या सकाळपर्यंत जगणार नाही, आणि मेलेला मुद्देमाल तुमच्याकडे जमा असेल."

अधिकारी अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत आले ते डोके खाजवत. "वरून होकार आहे. पण आरोपीलाच मुद्देमाल कसा द्यायचा? बंधपत्र तुमच्या नावावर होणार नाही."

"माझ्या नावावर मागतच नाही. कायदा म्हणतो, कोणतीही व्यक्ती."

स्वयंपाकघराची कडी निघाली. पत्नी बाहेर आली, पदर खोचून, ओल्या हातांनी. "कुठं करायची सही?"

अधिकाऱ्यांनी तिला बंधपत्र वाचून दाखवले. तिने प्रत्येक ओळीला मान हलवली. एका ठिकाणी तिने त्यांना थांबवले.

"मागाल तवा हजर करायचं म्हंता. आवं, पण जितं हजर करायचं का कसं बी?"

"जिवंत, मावशी."

"तसं लिहा मग."

त्यांनी 'जिवंत' हा शब्द वर घातला. तिने सावकाश, एकेक अक्षर कोरून सही केली. वनरक्षकाने बादली तुळशीत ओतली आणि ते निघून गेले.

त्या क्षणापासून माझ्या घरातल्या टाकीत हात घालण्याचा मला कोणताही कायदेशीर अधिकार राहिला नाही. मी आरोपी होतो आणि ती शासनाच्या वतीने ताबेदार. हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते, तरी ते तिला पूर्णपणे समजले होते. मी काचेवरचे शेवाळ पुसायला गेलो, तर ती म्हणाली, "हात लावायचा न्हाई. सरकारी मालमत्ता हाय." पण बोलली. बऱ्याच दिवसांनी बोलली, म्हणून मी हात मागे घेतला.

वन विभाग विक्रेत्याच्या दुकानात गेला, तेव्हा मागच्या खोलीत पाण्याच्या पिशव्या टांगलेल्या सापडल्या. प्रत्येकीत चिमूटभर 'परदेशी बुटके'. अधिकाऱ्यांनी मला फोनवर सांगितले की बहुतेक मेलेले होते, आणि पिशव्यांतले पाणी चाखून पाहिले तर ते साधे होते. मी फोन ठेवला. राग यावा एवढी ताकदसुद्धा माझ्यात उरली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने त्या पिशव्या पाहिल्या असत्या तर त्याला त्यात काहीच दिसले नसते. इतके ते लहान होते.

दंडाधिकाऱ्यांचा आदेश पावसाळ्याच्या अखेरीस आला. मुद्देमाल किनाऱ्यावरच्या एका समुद्रीजीव केंद्राकडे सोपवावा. केंद्राची गाडी जालन्याच्या बाजूने येणार होती आणि देवगाव फाट्यावर थांबणार होती. पत्नीने दोघांना स्वतः, पाण्याखालीच, काडीसकट पिशवीत घेतले. हवेचा एक बुडबुडाही त्यांच्या तोंडाजवळ जाऊ दिला नाही. वाटेत जीपमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि खड्डा आला की पिशवी वर उचलून धरत होती. ड्रायव्हरला मी रस्त्याच्या दुरवस्थेविषयी काही सांगू लागलो, तेव्हा तिने मला डोळ्यांनी गप्प केले.

फाट्यावर चहाच्या टपरीसमोर केंद्राचा तरुण कर्मचारी जाड भिंतीची पेटी उघडून उभा होता. त्याने पिशवी घेण्याआधी क्षारता मोजली, तापमान मोजले, आणि दोघांना उजेडात धरून बराच वेळ पाहिले.

"मावशी, इतके धडधाकट जप्तीतले समुद्रघोडे आमच्याकडे कधी आले नाहीत."

"खारं पाणी हाय ना तिकडं? पुरेसं?"

"तिकडं समुद्रच आहे."

"त्ये झालं. खायला कोण घालतं?"

त्याने आपणच घालतो असे सांगितले. तिने त्याला पूर्ण पाहून घेतले, मग पिशवी दिली. जीपमध्ये परत बसल्यावर तिने रिकाम्या मांडीवर हात ठेवले. मी तिला घराकडे आणत होतो, आणि जे माझ्या पत्रामुळे झाले होते त्याचा मला अभिमान वाटत होता की काय, हे मला त्या वेळी सांगता आले नसते. आजही सांगता येत नाही. प्रवास लांबचा होता आणि त्या पेटीतले दोघे पोहोचतील याची मला मुळीच खात्री नव्हती.

फोन दुसऱ्या दिवशी आला, बंधपत्रावर नंबर तिचा असल्यामुळे तिच्याच फोनवर. ती पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानेच तिने फोन कानाला लावला, आणि मी दारात उभा राहून, पोच लेखी मागून घे, अशी खूण करू लागलो. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"हां," ती म्हणाली. "हां. समोरून देऊन बघा. बारका कडंनं दिलं तर घेत न्हाई. न्हाई, तो रुसलेला न्हाई, त्याचं तसंच हाय. समोरून, तोंडाम्होरं धरा."

मग ती फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिली. तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मी पुढे होऊन ती उलटली.

"खाल्लं?" तिने फोनमध्ये विचारले. आणि मग माझ्याकडे वळून, "दोघंबी खायलेत."